अर्धंच सांगितलेलं वचन

मुलांनो, एक शेड मनात उभी करा बरं. कुडाच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, एका अंगाला चुलींची रांग. चुलींवर मडकी, मडक्यांत राखेचं पाणी, आणि त्या पाण्यात कोसे शिजताहेत. कोसा म्हणजे जंगलात ऐनाच्या झाडावर रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती बांधलेलं घर; कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढं. आता नाक धरा, कारण शिजणाऱ्या कोशांचा वास एकदा केसांत शिरला की आंघोळीलाही दाद देत नाही. धरलंत? मग आत या. जमिनीवर बायका पाय लांब करून बसल्या आहेत. कोशातून केसाहून बारीक तार ओढायची, चार-पाच तारा एकत्र करून मांडीवर तळहाताने वळायच्या, की झालं सूत. आता या बायकांच्या मधून एक रांगतं पोर सोडा. त्याचं नाव पत्रू. त्याच्या मुठीत गूळ आहे. आणि तो निघालाय थेट त्या पांढऱ्या चादरीकडे, जिच्यावर नागपूरला जायच्या सुताच्या लडी मांडून ठेवल्या आहेत.

"धर वो सोमारी, धर त्याले!" शेडचे मालक शांतवनभाऊ ओरडले.

सोमारीच्या दोन्ही हातांत तारा होत्या. तिची मोठी मुलगी बुधरी धावली, पण पत्रू पोचला होता. त्याने एक लड उचलून चव पाहिली, दुसरीला गुळाचा हात पुसला, आणि इतक्या मऊ जागी बसल्यावर लहान पोराला जे करावंसं वाटतं ते करून मोकळा झाला.

चादरीपलीकडे खुर्चीवर नागपूरचे व्यापारी गुणवंतराव बसले होते. त्यांनी आपले बूट मागे घेतले.

"शांतवनभाऊ," ते म्हणाले, "हा कारखाना हाय का पाळणाघर? सूत चांगलं हाय तुमचं, म्हनून त जीप काढून एवढ्या दूर आलो. पन आमचं गिऱ्हाईक साडी नाकाले लावून पाहाते. पुढच्या महिन्यात येतो. तवा सगळं साफसूफ दिसलं, त वर्षभराचा माल मीच उचलन. नाई त राम राम."

ही गोष्ट गडचिरोली नवानवा जिल्हा झाला होता तेव्हाची. आरमोरीच्या अलीकडे, सडकेला लागून ही शेड होती. तोवर शांतवनभाऊ सायकलच्या कॅरियरला सुताचं गाठोडं बांधून गावोगावच्या विणकरांच्या दारी जात. कुणी घेई, कुणी 'पुढच्या बाजाराले या' म्हणे. त्यामुळे शेड वर्षातले चार महिने चाले. पुढे बायका भर उन्हात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जात. गुणवंतरावांनी वर्षाचा माल उचलला असता, तर चुली बारा महिने पेटल्या असत्या. शांतवनभाऊंना हे फार हवं होतं, आणि ते एकट्यासाठी नव्हे.

ते चंद्रपूरच्या मिशनच्या वसतिगृहात वाढलेले. तिथे रात्रीच्या जेवणाआधी बायबलातल्या शलमोन राजाचं एक नीतिवचन पाठ म्हणावं लागे. नाही म्हटलं तर डाळ सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत पातळ. त्यामुळे ती वचनं त्यांना भुकेसारखी आतून ठाऊक होती. पुढे शेड काढली, तेव्हा माणसं कशी सांभाळावी, धंदा कसा चालवावा हे सांगणारं कुणी नव्हतं. मग त्यांनी शलमोनालाच हाताशी धरलं. रोज सकाळी चुली पेटल्या की ते दारात उभे राहून एक वचन सांगत, तेही झाडीच्या बोलीत, बायकांना उमजेल असं. बायका त्याला 'भाऊचा डोस' म्हणत.

डोस कधी लागू पडे, कधी उलटे. मऊ बोलण्याने राग निवतो, हे वचन सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भागीरथा म्हणाली, "भाऊ, काल मी नवऱ्यासंगं मऊ बोलली. थो म्हने, आज काय फोडून ठेवलं तूनं?" आज करता येण्याजोगं भलं उद्यावर टाकू नये, हे सांगितलं त्या दिवशी तर फजितीच झाली. गळकी कवेलू 'उद्या फेरतो' असं शांतवनभाऊ आठवडाभर म्हणत होते. बायका काम थांबवून वर बघत बसल्या. "शलमोन काय म्हने जी?" शांतवनभाऊ धोतर खोचून तिथल्या तिथे छपरावर चढले.

अंजनाबाई सगळ्यांत वयस्क. घर बौद्ध, देवाधर्माचं वेड नाही, पण डोस सगळ्यांत कान देऊन ऐकणारी तीच. "चांगलं थे चांगलं," ती म्हणे, "मंग कोनाच्याबी घरचं असो. फकस्त मले एक सांगा, तुमच्या राजानं कवा कोसा शिजवला होता का?"

तर गुणवंतराव गेल्यावर शांतवनभाऊंनी भिंतींना चुना काढला, जमीन सारवून घेतली, आणि सकाळी दारात उभे राहिले.

"एक बाई होती," ते म्हणाले. "झुंजुरकाच उठे. चातीवर हात ठेवे, सूत काढे, कापड इने, थे बाजारात इके. घरच्यायले थंडीची फिकीर नाई. असी बाई मोत्याहून मोलाची, असं लिवलं हाये." मग त्यांनी खाली बघून घाईने म्हटलं, "अन् उद्यापासून लेकरं शेडात नाई आनाचे."

सोमारीने पत्रूला जवळ ओढलं.

"भाऊ," अंजनाबाई म्हणाली, "एक इचारू का? थे सूत काढे, तवा तिचे लेकरं कुठी राहेत जी?"

"थे... थे काई लिवलं नाई," शांतवनभाऊ म्हणाले, आणि धूरच नसलेल्या चुलीचा धूर बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी मुलं कुंपणाबाहेर होती. बुधरी सात वर्षांची. पत्रूला कमरेवर घेऊन ती बांबूच्या फटीतून आत बघत उभी राही. पत्रू रडला की आतले सगळेच हात थांबत. तेव्हा शांतवनभाऊंनी सांगितलं, मुलं घरीच ठेवून या. मग भागीरथा यायची थांबली. तिच्यामागे आणखी दोघी धानाच्या चुरणीला, म्हणजे मळणीला, निघून गेल्या. सोमारी मात्र येत होती. तिच्यासारखं एकसारखं सूत त्या भागात कुणाच्या हातून निघत नसे. पण आता तिची तार सारखी तुटायची. शांतवनभाऊ एकदा म्हणालेही, "सोमारी, हात बिघडला का तुहा?" ती तुटलेली तार पुन्हा जोडू लागली. दोन दिवसांनी तीही आली नाही.

अंजनाबाई एकटी किती बसणार? तीही तापाचं निमित्त सांगून घरी राहिली.

त्या सकाळी शांतवनभाऊ एकटेच शेडमध्ये उभे होते. चुना पांढराशुभ्र, जमीन लख्ख, मडकी पालथी. वाससुद्धा नव्हता. क्षणभर त्यांना बरं वाटलं. अगदी गुणवंतरावांना दाखवावी अशी शेड. आणि मग, न बोलावता, एक वचन आठवलं. वसतिगृहात झाडू मारायचा कंटाळा आला की पोरं हेच वचन वॉर्डनसमोर म्हणत: जिथी बैल नाई, तिथी गोठा साफ, पन कोठी भरते थे बैलाच्याच जोरावर. शांतवनभाऊ मोठ्याने हसले. रिकाम्या शेडमध्ये ते हसू फार वेळ टिकलं नाही. त्यांनी सायकल काढली.

सोमारीचा गोंडांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, दोन शेतं ओलांडून होता. ती अंगणात धान पाखडत होती. पडवीत खाट, आणि खाटेच्या पायाला लुगड्याची एक चिंधी बांधलेली.

"हे काय वो?"

"पत्रूचं दावं," सोमारी म्हणाली. सुपातून तिने नजर काढली नाही. "मी कामावर ये, तवा बांधून ये त्याले. बुधरीच्या हातून निसटते थो. अन् मांगं बोडी हाये."

घरामागे खरंच लहानसं तळं चमकत होतं.

"सूत वळताना मले थे बोडीच दिसे. मंग तार तुटे. तुमी म्हनलं, हात बिघडला."

शांतवनभाऊ तिथेच जमिनीवर बसले. "चूक माही हाये सोमारी. थे वचन मी अर्धंच सांगतलं. थ्या बाईचे लेकरं तिच्यापाशीच होते. 'तिचे लेकरं उठून तिले धन्य म्हनतात,' असं शेवटी लिवलं हाये. मले थे नडत होतं, म्हनून मी थे गिळलं."

"भाऊ," सोमारी म्हणाली, "तुमी आमाले रोज सांगता. आयकता कवा?"

यावरही एक वचन होतं. शांतवनभाऊंनी ते म्हटलं नाही.

"उद्या ये. लेकरं घेऊन ये."

"अन् पत्रूनं पुन्हा मुतलं त?"

"मी पाहीन त्याले."

"तुमी?" सोमारीने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. खांबाआडून बुधरी हे सगळं ऐकत होती. तिला मराठी थोडंच येई. पण आईचं हसू बघून तिने चिंधीची गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी शांतवनभाऊंनी अंजनाबाईच्या दारात जाऊन तेच सांगितलं. तिचा ताप लगेच उतरला. मग त्यांनी बांबू आणून शेडच्या कोपऱ्यात उंच मचाण बांधलं, त्याला कामट्यांची ताटी लावली आणि सगळ्या लडी वर चढवल्या. इतके दिवस त्यांनी मुलांना कुंपण घातलं होतं. आता सुताला घातलं. भागीरथा आली, तिच्यामागे त्या दोघीही आल्या. पत्रू शांतवनभाऊंच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा ओढी, आणि ते कोसे निवडता निवडता मान मागे घेत.

"भाऊ," अंजनाबाई म्हणे, "आज डोस कोन कोनाले देऊन राह्यलं?"

महिना भरता भरता सडकेवर जीप दिसली. भागीरथा ओरडली, "आले, आले! पोट्ट्यायले मांगं न्या!" बुधरीने पत्रूला उचललं आणि दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"कुठी चालली?" शांतवनभाऊंनी विचारलं.

"कुंपनाभाईर."

"कोनं सांगतलं तुले?"

बुधरीने त्यांच्याकडेच बोट केलं.

"आता मीच सांगतो," ते म्हणाले, "इथीच राहा."

गुणवंतरावांनी मचाणावरची लड काढली, बोटांवर फिरवली, नाकाला लावली. "डाग नाई. वास नाई. फस्क्लास!" ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी खाली बघितलं. "पन हे पोट्टे?"

"राहतीन जी."

"देखो भाऊ, माह्यासंगं मोठमोठे लोक येतीन. फोटो काढतीन. हे असं बरं दिसते का? सूत वर ठेवलं, चांगलं केलं. आता पोट्टेबी हटवा. वर्षाचा माल पक्का, आत्ता बोला."

शेडमधले सगळे हात थांबले. अंजनाबाई शांतवनभाऊंकडे बघत नव्हती. मांडीवरच्या अर्ध्या वळलेल्या तारेकडे बघत होती. त्यांना तिचे मागच्या उन्हाळ्यातले तेंदूपत्त्याने काळे पडलेले हात आठवले. शलमोनाचं एखादं वचन आठवतंय का, ते त्यांनी पाहिलं. एकही आलं नाही. जे बोलायचं ते त्यांचं त्यांनाच बोलावं लागलं.

"नाई जमनार, गुनवंतराव. लेकरं जवळ असले, तवाच याईच्या हातून असं सूत निंघते."

गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान हलवली, आणि तयार होता तेवढा माल गाडीत ठेवायला सांगितलं. "पुढचं पुढं पाहू," ते म्हणाले. पुढचं काही नाही, हे दोघांनाही कळलं. शांतवनभाऊंनी भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. कॅरियरची दोरी नवी घ्यावी लागणार होती.

"चाल व माय," अंजनाबाई शेजारणीला म्हणाली, "कोसे गार होऊन राह्यले." आणि हात पुन्हा चालू लागले.

लडी गाडीत चढेपर्यंत गुणवंतराव खुर्चीवर टेकले. तेवढ्यात बुधरी उठली. घरी पाहुणा आला की आई जे करते ते तिने कितीदा पाहिलं होतं. तिने रांजणातलं पाणी पितळेच्या गिलासात घेतलं, न सांडता शेडच्या मध्यातून चालत आली आणि दोन्ही हातांनी गिलास पुढे केला.

"येर," ती म्हणाली. गोंडीत पाण्याला येर म्हणतात.

गुणवंतरावांनी गिलासाकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. "नको पोरी. तहान नाई मले."

बुधरी तशीच उभी राहिली. पाहुण्याला तहान लागायला थोडा वेळ द्यावा, असं तिला वाटलं असेल. मग ती तिथेच, सगळ्यांच्या मधोमध, खाली बसली. पत्रूला मांडीत घेऊन तिने आधी त्याला पाणी पाजलं, आणि उरलेलं, घाई न करता, स्वतः प्यायली.