कालचं पान

मित्रांनो, मी जुना आहे, लहान आहे आणि सध्या भयंकर चिडलेला आहे. तिन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो. एका रुग्णालयाच्या चौकशीच्या कागदावर माझ्याबद्दल एक वाक्य लिहिलं गेलं आहे : 'यंत्र जुने असल्यामुळे प्रकार घडला.' सहा वर्षं रोज नव्वद माणसांची पथ्यं सांभाळली आणि शेवटी वाट्याला काय आलं, तर हे पाच शब्द. म्हणून माझी हकिगत मीच सांगणार आहे. तुम्ही ऐका आणि मग ठरवा.

मी एक संगणक आहे. मला पडदा नाही, बटणं नाहीत. तळहातावर मावेल एवढी हिरवी पाटी, तिच्यावर काही चिपा आणि कडेला तारा जोडायच्या खाचा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी मेमरी पाचशे बारा एमबी होती, म्हणजे अर्धा जीबी. मेमरी हा आमचा ओटा. काम करताना जे जे लागतं ते सगळं त्यावर मांडावं लागतं. तुमच्या घरातल्या साध्या फोनचा ओटासुद्धा माझ्याहून आठपट लांब असेल. असू दे. लहान ओट्यावरही नीट स्वयंपाक होतो, फक्त करणाऱ्याला अक्कल हवी.

मला रुग्णालयात आणलं तिथल्या वायरमनने. तिथल्या आहारतज्ज्ञ ताईंचे ते सख्खे मामा. त्यामुळे सगळं रुग्णालय त्यांना मामा म्हणायचं, त्यांच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. ताई तेव्हा रोज सकाळी कागदावर यादी लिहून स्वयंपाकघरात पाठवत. कुणाला मीठ बंद, कुणाला साखर बंद, कोण ऑपरेशनसाठी उपाशी. तो कागद वाफेने ओला व्हायचा, तेलाने पारदर्शक व्हायचा आणि दुपारपर्यंत ट्रॉलीच्या चाकाखाली सापडायचा. एकदा उपाशी ठेवायच्या माणसाला भरपेट नाश्ता मिळाला आणि त्याचं ऑपरेशन पुढे गेलं. त्या दिवशी ताई मामांकडे आल्या.

"मामा, स्वैपाकघरात भिंतीवर दिसेल अशी यादी हवी. अक्षरं मोठी. बाकी मला भपका नको."

"भपका करायला ह्याच्यात जागाच नाही," असं म्हणून मामांनी मला खणातून बाहेर काढलं.

मामा संगणक कुठे शिकले नव्हते, आपले आपणच शिकले होते. त्यांनी माझ्यात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली, तीही नुसती, चित्रांचा पसारा वगळून. मग दोन कामगार बसवले. पहिला डेटाबेस. तो माझा कोठीवाला. कुठल्या खाटेला काय चालतं आणि काय नाही, हे सगळं त्याच्या ताब्यात. दुसरा वेब सर्व्हर. तो वाढपी. स्वयंपाकघरातला, वॉर्डातला किंवा ताईंचा टॅब्लेट काही मागायचा, की हा कोठीवाल्याकडून आणून वाढायचा. दोघांनाही मोठ्या घरात राहायची सवय. कोठीवाला आल्या आल्या हातपाय पसरायला लागला, तेव्हा मामांनी त्याला ओट्याचा आठवा हिस्सा आखून दिला. एका वेळी दीडशे जणांशी बोलायची त्याची खोड मोडून दहावर आणली. वाढप्याला दोनच हात ठेवले. रविवारी कोणी नसताना येऊन मामा मला मुद्दाम दमवायचे, कुठे धाप लागते ते बघायचे आणि एकेक आकडा खाली आणायचे. तीन आठवडे हे चाललं. माझ्याकडे इतकं लक्ष त्याआधी कुणी दिलं नव्हतं आणि नंतरही दिलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. कोठीवाल्याने उत्तर दिलं नाही, तर वाढप्याने सगळ्या पडद्यांवर लालभडक पान दाखवायचं : 'यादी मिळत नाही. वॉर्डात फोन करून विचारा.'

"केवढं भडक!" ताई म्हणाल्या.

"भडकच पाहिजे. गप्प बसलेलं मशीन चालतं मला. चुकीचं बोललेलं नाही चालत."

मग एक साबणाची डबी आणून तिला भोकं पाडली, मला तिच्यात बसवलं आणि कोठीच्या खोलीत फळीवर ठेवलं. डबीवर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'ओटा लहान आहे. हात लावण्याआधी विचारा.' तेव्हापासून माझं नाव डबी पडलं. स्वयंपाकघराच्या मुख्य होत्या मोठ्या बाई. त्यांचा आधी माझ्यावर विश्वास नव्हता. महिनाभर त्यांनी माझी यादी ताईंच्या कागदाशी ताडून पाहिली. महिन्याने कागद चुलीवरची कढई उतरवायला वापरला आणि म्हणाल्या, "डबी काय म्हणते ते बघा गं."

नव्वद खाटांपैकी सत्तर जणांचं पथ्य रोज तेच असायचं. आता पथ्यं वॉर्डातल्या सिस्टर टॅब्लेटवर लिहायच्या, आणि तेच तेच लिहून त्या कंटाळल्या. म्हणून ताईंनी मामांकडून एक बटण करून घेतलं : 'कालचंच'. सिस्टरने ते दाबलं, की काल होतं ते आजही लागू, आणि पुढे तो शब्दही उमटायचा. सकाळी माझी यादी उघडली, की वरपासून खालपर्यंत कालचंच, कालचंच. स्वयंपाकघरातल्या बायकांना तो शब्द इतका आवडला, की तब्येत कशी आहे म्हणून विचारलं तरी त्या म्हणायच्या, "कालचंच." मीही हसायचो. त्या शब्दाचं पुढे काय होणार आहे, ते मला तरी कुठे ठाऊक होतं.

सहा वर्षांत लाल पान चार वेळा आलं. चारही वेळा मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला, वॉर्डात फोन केले, पेन्सिलने लिहून घेतलं आणि नव्वद ताटं बरोबर गेली. पाहुणे आले, की मोठे डॉक्टर मला दाखवायचे आणि "एवढ्याशा डबीवर चालतं," असं सांगायचे. मला तेव्हा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो.

मामा निवृत्त झाले आणि संगणक विभागाचे नवे प्रमुख आले. बायकांनी दोन दिवसांत त्यांचं नाव टापटीपसाहेब ठेवलं. त्यांना सगळं एकसारखं लागायचं. त्यांच्या हातात एक छापील कागद होता : मुख्य इमारतीतल्या मोठ्या सर्व्हरची सेटिंग. त्या सर्व्हरचा ओटा सोळा जीबीचा, माझ्या बत्तीसपट. साहेबांनी तोच कागद बघून माझ्यातही तेच आकडे भरले. चिकटपट्टी त्यांनी वाचली नाही, कारण डबी बघायला ते खाली आलेच नाहीत. वरच्या मजल्यावर बसून तारेवरून हे उद्योग केले. कोठीवाल्याला सांगितलं, एक जीबी घे. अहो, माझ्याकडे सगळा मिळून अर्धा आहे! दुसरीत शिकणाऱ्या मुलालाही कळलं असतं. ह्यांना पदव्या असून कळलं नाही.

तरीही मी एवढ्यावर त्यांना माफ केलं असतं. आकडा चुकतो माणसाचा. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. त्यांना लाल पान दिसलं आणि ते आवडलं नाही. "लोक घाबरतात. पान कधी बंद दिसता कामा नये," असं म्हणून त्यांनी वाढप्याला नवी शिकवण दिली : कोठीवाल्याकडून काही मिळालं नाही, तर आधी जे वाढलं होतं तेच पुन्हा वाढ. कुणाला सांगू नकोस.

माझ्या आत एक पहारेकरी असतो. ओटा भरून वाहायला लागला, की ज्याने जास्त जागा अडवली असेल त्याला तो ठार करतो, म्हणजे बाकीचे जगतात. मग एके दिवशी दुपारी कुणीतरी महिन्याचा अहवाल मागितला. कोठीवाल्याला मोकळीक होतीच, तो पसरत गेला आणि पहारेकऱ्याने त्याला मारलं. मी उठवला, त्याने पुन्हा मारला. पाच वेळा झालं, आणि त्यापुढे उठवायची मला मुभा नव्हती. मी प्रत्येक वेळी माझ्या नोंदवहीत लिहिलं. मला ओरडायला तोंड नाही. ओरडायची माझी एकच रीत होती, लाल पान, आणि तीच साहेबांनी बंद करून ठेवली होती.

त्याच दुपारी चौदा नंबरच्या खाटेवरचे आजोबा घरी गेले. संध्याकाळी तिथे सात वर्षांची एक मुलगी आली. हात मोडला होता. सोबत तिची आत्या. आत्याने पहिल्याच मिनिटाला सांगितलं, "हिला दूध चालत नाही. थेंबसुद्धा नाही. श्वास बंद होतो." सिस्टरने लगेच टॅब्लेटवर लिहिलं, 'दूध व दुधाचे पदार्थ पूर्ण बंद,' आणि बटण दाबलं. चक्र फिरलं आणि यादी समोर आली. नोंद झाली की यादीच यायची, सहा वर्षांची सवय. सिस्टरला वाटलं, झालं काम. पण ती यादी जुनी होती आणि नोंद कुठेच पोचली नव्हती.

सकाळी मोठ्या बाईंनी पान उघडलं. वर तारीख आजची, कारण तारीख टॅब्लेट आपल्या मनाने लिहितो. खाली ओळी कालच्या. कुणाला शंका यावी तरी कशी? रोजच तर सगळीकडे कालचंच लिहिलेलं असायचं. चौदा नंबरपुढे होतं : साधा आहार, सकाळी दुधातली लापशी, कालचंच. बाईंनी लापशी वाढली. मला ठाऊक होतं की हे खोटं आहे आणि माझ्याच तारेतून ते जात होतं. तेव्हाचा संताप मला अजून आवरत नाही.

लापशी पाण्यात शिजवलेली आहे की दुधात, हे नुसतं बघून कळत नाही. आत्याला वाटलं, आपण सांगितलंय, म्हणजे बघूनच दिली असणार. मुलीने तीन चमचे खाल्ले. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टी यायला लागली. नशीब म्हणून डॉक्टर दोन खाटांपलीकडे उभे होते. इंजेक्शन दिलं, नळी लावली. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. मग वाचली. पण त्यानंतर तिने तिथलं काही तोंडात घेतलं नाही. पाण्याचा पेला पुढे केला तरी विचारायची, "ह्यात काय आहे?"

चौकशी बसली. ताईंनी मामांना बोलावून घेतलं. मामांनी माझी नोंदवही उघडली आणि सगळ्यांसमोर वाचली : पाच वेळा कोठीवाला मेला आणि दोनशे अकरा वेळा वाढप्याने कालचं पान वाढलं.

"पण पान तर चालू होतं," टापटीपसाहेब म्हणाले. "एक मिनिटसुद्धा बंद पडलं नाही."

"तेच तर सांगतोय मी," मामा म्हणाले.

रुग्णालयाच्या प्रमुख मोठ्या मॅडम चौकशी घेत होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं. कुणाचं तरी नाव लिहावं लागणार होतं, आणि स्वयंपाकघराने ताट नेण्याआधी खात्री करावी असा एक नियम कुठेतरी होता. म्हणजे नाव मोठ्या बाईंचं आलं असतं. मॅडम म्हणाल्या, "मशीन जुनं होतं असं लिहू या. बाईंची नोकरी वाचेल, कुणाचंच काही जाणार नाही. मशीनला काय, पोटपाणी थोडंच आहे."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. साहेबांनी सही केली. सिस्टरने केली, ताईंनी केली. शेवटी मामांनीही केली. मित्रांनो, ज्यांनी मला घडवलं, त्यांनीच माझ्या डोक्यावर खापर फुटू दिलं. बाईंना वाचवायला केलं हे मला कळतं, तरी मला राग आला. सही केली नाही ती एकट्या मोठ्या बाईंनी. त्यांनी कागद बोट फिरवत वाचला आणि परत दिला.

"डबी जुनी होती म्हणून नाही झालं हे. काल काय होतं ते आजचं म्हणून दाखवलं, तसं लिहा. मग करते सही."

बाईंना ट्रॉल्या धुवायला पाठवलं. माझ्या जागी मोठं नवं मशीन आलं, ऐसपैस ओट्याचं, आणि त्याला तीच शिकवण दिली : पान बंद दिसता कामा नये. मला फेकून देणार होते. मामांनी मागून घेतलं आणि घरी कपाटावर ठेवलं. तिथे मी अकरा दिवस थंड पडून होतो.

बाराव्या दिवशी मोठ्या बाई मामांच्या दारात आल्या. चहा नको म्हणाल्या.

"नव्या मशीनवर काल घरी गेलेल्या माणसाचं ताट आज पुन्हा आलं. मी ट्रॉली धुताना बघितलं. ह्या वेळी तिथे कुणी नवीन आलं नव्हतं, म्हणून निभावलं."

मामांनी खुर्ची पुढे सरकवली, पण बाई उभ्याच राहिल्या.

"मामा, सही का केलीत?"

"तुमच्यासाठी."

"मला विचारलंत?"

 मामा उठले, कपाटावरून मला काढलं, तार जोडली. माझा दिवा लागला. त्यांनी नोंदवहीतल्या सगळ्या ओळी छापून घेतल्या आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं, की मी माझी सही मागे घेत आहे. उद्या सकाळी दोघं मॅडमकडे जाणार आहेत. मॅडम ऐकतील का, मला सांगता येत नाही. बाईंची ट्रॉल्या धुण्याची नोकरीही त्यात जाऊ शकते. बाईंना ते ठाऊक आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या लहान यंत्रांना झेपेल तेवढंच काम द्या, आमच्या नोंदवह्या अधूनमधून वाचा आणि आम्ही बंद पडलो तर आम्हाला तसं सांगू द्या. आमचं तोंड रंगवून आम्हाला खोटं बोलायला लावू नका. माझ्यावर जुना म्हणून शिक्का मारायचा तर खुशाल मारा. पण चौदा नंबरच्या खाटेवर आज कोण झोपलं आहे, ते तिथे जाऊन आज विचारा.