भरलेली काडेपेटी

भावाची पँट भिजवण्याआधी ताईने खिसे उलटे केले. एक रुमाल, वायरचा तुकडा आणि काडेपेटी निघाली. काडेपेटी तिने उघडून पाहिली. काड्या गच्च भरलेल्या होत्या.

भाऊ सुईने नशा करतो असा संशय आल्यापासून तिला ही खोडच जडली होती. चमच्यांची बूडं काळी पडलीत का बघायचं, तो न्हाणीतून उशिरा आला की मोरी तपासायची, भर उन्हाळ्यातल्या त्याच्या लांब बाह्यांवर रक्ताचा ठिपका शोधायचा. ती दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी शेजारचे म्हातारे इंजेक्शनला तिच्याकडेच येत, म्हणून घरच्या कपाटात नव्या सिरिंज असायच्या. त्या कमी होऊ लागल्या, तेव्हा चोर घरातलाच आहे हे तिला कळून चुकलं. ती भांडली नाही. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली आणि दाराच्या फटीवर स्वतःचा एक केस चिकटवला.

तो केस अजून जागच्या जागी होता. आणि आता ही काडेपेटी. सुई सुटली, पोरगा बिडीवर आला. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून ती जरा हसलीसुद्धा. मग पेटी मिटताना तिचा अंगठा काडी ओढायच्या बाजूवर फिरला. ती पार झिजली होती.

भाऊ जेवायला बसल्यावर तिने पेटी त्याच्या ताटाशी ठेवली.

"काडी एक जळलेली नाही. काय घासतोस हिच्यावर?"

त्याने पेटी ताटापासून दूर सारली.

"सुई," तो म्हणाला. "बोथट होते. घासली की पुन्हा चालते."

"कुणाची सुई?"

"लंबूची. आम्हा सगळ्यांत ती एकच आहे."

"आधी तर..."

"आधी नव्या मिळायच्या, ताई."

लंबू त्याच्याच वर्कशॉपमधला. दवाखान्यात त्याचं रक्त तिनेच काढलं होतं. एचआयव्ही निघाल्याचं ऐकून तो बाकावर किती वेळ बसून होता, हेही तिने पाहिलं होतं. रुग्णाचं दुखणं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं होतं. आपल्या हुशारीची तिला इतकी शिसारी कधी आली नव्हती.

"त्या सुईने आता टोचायचं नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल, रक्त तपासू."

"का? लंबूला काही झालंय?"

"चल म्हणते ना."

तिने किल्ली काढली. कपाट उघडताना केस तुटून खाली पडला. सिरिंजचा खोका तिने पुढच्या फळीवर ओढला, दार नुसतं लोटलं आणि कुलूप खिडकीत ठेवून दिलं.

भाऊ उष्ट्या हाताने उठून कपाटापाशी आला. आत हात घालायच्या आधी त्याने दाराची फट वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"आता कुठे लावलायस केस?"

"नाही लावला," ती म्हणाली.

तरी त्याने फटीवरून एकदा बोट फिरवून पाहिलं.