व्याह्यांना सांगितलेला आजार

अण्णांचं दुकान संडास-बाथरूमच्या सामानाचं. कमोड, बेसिन, नळ, पाइप, जाळ्या, म्हणाल ते. गिऱ्हाईक बायकामुलांसकट आलं तरी अण्णा बिनदिक्कत विचारायचे, भांडं बसायचं हवं की उकिडवं, घरात म्हातारं माणूस आहे का, गुडघे दुखतात का, पाण्याचा फवारा कुठल्या बाजूनं हवा. अशा माणसाला लाज कसली, असं कुणालाही वाटेल. पण दुकान वेगळं आणि घर वेगळं. घरात स्वतःचं पोट बिघडलं तरी अण्णा 'जरा बरं नाही' एवढंच म्हणत. पुढचं ज्याचं त्यानं ओळखायचं.

आणि नेमका त्यांचाच नातू शीच्या जागेशिवाय जन्माला आला.

प्रसूतिगृहातल्या नर्सबाई बाळाचं अंग पुसायला घेऊन गेल्या आणि त्याच पावली डॉक्टरांना बोलावून घेऊन आल्या. जिथं वाट असायला हवी तिथं नुसती सपाट कातडी. बाकी पोरगं गुटगुटीत, रडणं खणखणीत. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की अधूनमधून अशी मुलं जन्मतात, ऑपरेशननं त्यांचं नीटही होतं, पण पोटात साठत जातं म्हणून वेळ दवडायचा नाही. बाळाला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. सोबत अण्णा आणि त्यांचा मुलगा गेले. सून सिझेरियन होऊन गुंगीत पडलेली, तिच्यापाशी अण्णांची बायको थांबली. बाळाला तपासायला नेलंय, एवढंच तिनं सुनेला सांगितलं.

मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन झटपट माणूस. त्यांनी बाळाचं पोट दाबून पाहिलं, छातीला नळी लावली, छाती साफ आहे म्हणाले, आणि कागदावर चित्रच काढून दिलं. सकाळी पोटावर एक तात्पुरती वाट करायची, शी तिथून पिशवीत येईल. काही महिन्यांनी खाली खरी जागा तयार करायची, मग पोटावरची बंद. पाइप फिरवण्याचंच काम ते, अण्णांना पहिल्या फटक्यात समजलं. समजलं म्हणून बोलता येतंच असं थोडंच आहे?

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. व्याही म्हणजे सुनेचे वडील, दुसऱ्या गावचे, रिटायर्ड मुख्याध्यापक, शब्द तोलूनमापून बोलणारे. अण्णा आयुष्यात एकाच माणसाला दबकून होते आणि ते हे. बाळाला हॉस्पिटलात का नेलं, काय झालंय नेमकं, असं व्याह्यांनी विचारलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आजूबाजूला चार माणसं बसलेली. अण्णांची जीभ काही रेटेना. शीची जागा नाही, हे त्या माणसाला कसं सांगायचं? मुख्याध्यापक उद्या चारचौघांत काय सांगतील? तेवढ्यात समोरच्या भिंतीवर हृदयाचा एक मोठा तक्ता दिसला, लाल-निळा.

"हृदयाला भोक आहे," अण्णा म्हणाले. "लहानसंच आहे."

व्याह्यांचा आवाज एकदम मऊ झाला. धीर धरा म्हणाले, हल्ली खूप सुधारणा झाल्यात म्हणाले. वेळ मारून नेली म्हणून अण्णांना सुटल्यासारखं वाटलं. घराण्याला शोभेलसा आजार होता तो. व्याह्यांना नंतर सावकाश खरं सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि मुलाला चहा प्यायला घेऊन गेले.

आता गंमत बघा. खोटं कधी एका जागी बसून राहत नाही, चालतच राहतं. व्याही आणि विहीणबाई सकाळी प्रसूतिगृहात पोचले आणि त्यांनी लेकीला जवळ घेऊन हळूच सांगितलं की बाळाच्या हृदयाला भोक आहे. अण्णांच्या बायकोला वाटलं, रात्रीतून आणखी काहीतरी निघालेलं दिसतंय, म्हणून ती मूग गिळून बसली. सुनेनं रडतरडत नवऱ्याला फोन लावला. अण्णा तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते. मुलाच्या तोंडचं पाणीच पळालं. ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितलीच नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यानं तडक थिएटरच्या डॉक्टरांना गाठलं.

अण्णा वर येतात तो ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हा गोंधळ. बाळ काचेच्या पेटीत, पोट टम्म फुगलेलं, कातडी ताणून चकचकीत झालेली. सर्जन हात धुवायला निघालेले. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाई, बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, त्या पेटीच्या पुढ्यात उभ्या राहून मुलाला विचारत होत्या की हृदयाचं कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा म्हणत होता, नाव माहीत नाही पण सांगितलंय, घरी सगळ्यांना माहीत आहे. बाई सर्जनना म्हणाल्या, मशीननं हृदय बघितल्याशिवाय मी भूल देणार नाही. सर्जन वैतागले. मशीनवाले डॉक्टर यायला दुपार होणार होती, आणि तोवर आतडं फुटलं तर कुणाच्या नावावर घालायचं, असं त्यांनी रोखठोक विचारलं. मी स्वतः छाती ऐकलीय, त्यांनी बजावलं.

 हे आपल्याच बोलण्यानं अडलंय, हे त्यांना लख्ख दिसलं. गप्प राहावं तर पोराचं पोट फुगतंय. बोलावं तर मुलासमोर, नर्सेससमोर, सगळ्यांसमोर. पण पेटीतल्या त्या पोटाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि पुढं झाले.

"मी बोललो ते," अण्णा म्हणाले. "कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नाही. व्याह्यांना शीचं सांगायची लाज वाटली म्हणून मी हृदयाचं सांगितलं. खोटं आहे ते. तुम्ही ऑपरेशन करा."

मुलगा बापाकडे बघतच राहिला. सर्जननी कपाळावर हात मारला, आणि बाईंना म्हणाले, झालं ना समाधान, चला आता. बाई हलल्या नाहीत. त्या अण्णांवर रागावल्याही नाहीत, नुसत्या क्षणभर बघत राहिल्या, जसं एखाद्या विसरलेल्या कामाची कुणी आठवण करून द्यावी. मग सर्जनना म्हणाल्या की आजोबा खोटं बोलले असतील, पण जागा नसलेल्या मुलांमध्ये हृदयाचे दोष पुष्कळदा सापडतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पहिले एक-दोन दिवस हृदयाच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असतो, त्यामुळे मोठ्या भोकाचासुद्धा आवाज येत नाही. काल सुट्टी आणि आज घाई, म्हणून आपण ते सोडून देत होतो.

 मग सर्जननीच खिशातून फोन काढला आणि मशीनवाल्या डॉक्टरांना घरून बोलावलं.

ते डॉक्टर आले, अगदी पोरसवदा, ओल्या केसांनीच. बाळाच्या छातीवर जेल लावून त्यांनी मशीन फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर काहीतरी उघडझाप होत होतं. अण्णा दाराच्या काचेतून बघत होते आणि काही नसू दे, काही नसू दे, एवढंच पुटपुटत होते. जरा वेळानं डॉक्टरांनी बाईंना जवळ बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. लहानसं नव्हे, चांगलं मोठं.

 अण्णा तिथंच भिंतीला टेकले. भूल द्यायची पद्धत, सलाईन, ऑक्सिजन, सगळं आता वेगळं करावं लागेल, पण ऑपरेशन होईल, असं बाईंनी सांगितलं. ते मुलानं ऐकलं. अण्णांच्या कानांत काहीच शिरलं नाही. आपल्या तोंडून अभद्र निघालं आणि पोराला लागलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घणघणत होतं. शेवटी न राहवून त्यांनी पोरसवद्या डॉक्टरांना गाठलं आणि तसं विचारलंच. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बाळ आईच्या पोटात घेवड्याच्या दाण्याएवढं असतं ना, तेव्हा हृदय आणि खालची जागा साधारण एकाच सुमाराला घडते. तेव्हाच बिघडलंय हे. तुम्ही फोनवर बोललात त्याच्या कितीतरी महिने आधी.

अण्णांना पटलं. पटलं तरी भीती गेली नाही.

ऑपरेशनला ठरल्यापेक्षा बराच वेळ लागला. बाई बाहेर आल्या तेव्हा चष्मा पुन्हा कपाळावर होता. मध्यंतरी एकदा बाळ निळं पडलं होतं, पण तयारीत होतो म्हणून सावरलं, असं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. ठाऊक नसतं तर, हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खालची जागा करायची पुढं बघू, आणि हृदयाचं मोठं ऑपरेशन काही महिन्यांत. ते कसं जाईल हे आज कुणीच सांगू शकत नाही.

संध्याकाळी अण्णा स्वतः सुनेकडे गेले. मुलगा सांगायला तयार होता, पण हे माझं आहे म्हणाले. सून उशीला टेकून बसली होती, बाजूला व्याही-विहीणबाई. अण्णा कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले आणि सगळं सांगितलं. शीची जागा नाही इथपासून बाळ निळं पडलं इथपर्यंत, आणि मधलं स्वतःचं खोटंही. व्याही चष्मा काढून पुसत बसले. 

सून शाळेत विज्ञान शिकवणारी. भलत्यासलत्या गोष्टींवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

"म्हणजे तुम्ही म्हणालात ते खरं निघालं," ती म्हणाली.

अण्णांनी मान खाली घातली.

"मग आता म्हणा, तो बरा होईल."

"अगं, डॉक्टरांनी अजून तसं काही—"

"डॉक्टरांचं नकोय मला. तुम्ही म्हणा."

काल फोनवर खोटं बोलताना अण्णांना शब्द शोधावे लागले नव्हते. आता हे दोनच शब्द जड झाले. जिभेचा याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांना दुपारीच नीट समजावलेलं होतं, आणि तरी त्यांना वाटत होतं की आपण म्हणायचं आणि ते खरं नाही झालं तर या पोरीला तोंड कसं दाखवायचं. सुनेनं कॉटची दांडी घट्ट धरली होती.

"बरा होईल," अण्णा म्हणाले.

"पुन्हा म्हणा."

अण्णा पुन्हा म्हणाले.