कापडाचं विमान

"चपला काढा," रंभा म्हणाली.

"देऊळ नाय ते," काळूराम म्हणाला. पण त्याने चपला काढल्या.

शाळेच्या मैदानात दोरखंडाचं कुंपण घातलं होतं आणि त्याच्या आत ते विमान उभं होतं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हापासून लोकांना विमानांचं वेड लागलं होतं. म्हणून थंडीत लष्कराचं हे फिरतं संग्रहालय पनवेलला आलं, तेव्हा कोन-सुकापूरहून माणसं बैलगाड्या जुंपून आली. विमान मात्र या लढाईतलं नव्हतं. आधीच्या महायुद्धातलं, ब्रह्मदेशावर उडालेलं, हरिकेन नावाचं. काळूराम बेचाळीस साली हवाई दलात गेला, तो याच विमानांच्या दुरुस्तीला.

मूळचा तो होड्यांचा सुतार. लढाई संपवून कोळीवाड्यात परतला आणि सांगू लागला, की विमानाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांचा असतो आणि त्यावर कापड ताणून बसवलेलं असतं. आपण जाळं टिकावं म्हणून त्याला झाडाच्या सालीचं पाणी पाजतो तसं त्या कापडाला उग्र वासाचं रोगण पाजतात, मग ते ढोलासारखं ताठ होतं. सगळा कोळीवाडा हसला. गोळ्या झेलणारं विमान, आणि कापडाचं! काळूरामचं नाव 'कापड्या' पडलं. दिनानाथ तांडेलाने नवी होडी बांधायला काढली तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "काळूला नको. फळ्या संपल्या तर बायकोचं लुगडं गुंडाळील." होडी उरणच्या सुताराने बांधली. त्यानंतर काळूरामकडे नव्या होड्या आल्याच नाहीत. तो जुन्यांना ठिगळं मारत राहिला आणि हळूहळू बोलायचा थांबला. लढाईचंच असं नाही, काहीच सांगेनासा झाला. खाडीत देवमासा शिरलेला पाहिला असता तरी घरी येऊन मुकाट्याने जेवला असता.

रंभा त्याला कधी हसली नव्हती. पण तुमचं खरं आहे, असंही कधी म्हणाली नव्हती. विमानं तिने आभाळातच पाहिली होती, आणि आभाळात ती चकाकायची. कापड चकाकत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

दोराशी पोचल्यावर तिने पदराखालून नारळ काढला.

"ह्यो कशाला?"

"माणसाला परत आणलं की होडीला नारळ देतात. तुमी परत आलात. ह्या इमानाला कुनी दिला?"

"अगं, मी आगगाडीनं आलो."

"मग आगगाडी कुठं आणू इथं?"

पहाऱ्यावरचा निळ्या गणवेशातला तरुण पुढे झाला. "मावशी, इथं फोडू नका हं."

"फोडत नाय बाबा. ठेवते." तिने दोराखालून हात घालून नारळ पुढच्या चाकाशी ठेवला आणि हात जोडले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय काळू! दाखव तुजं लुगडं!" दिनानाथ तांडेल चार-पाच जणांना घेऊन आला होता. कुणी अडवायच्या आत दोरावरून वाकून त्याने विमानाच्या कुशीवर बोटाचं पेर वाजवलं. टण्ण! पत्रा. बरोबरची माणसं पोट धरून हसली.

काळूरामने पहारेकऱ्याकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली, तसा काळूराम दोराखालून आत गेला आणि शेपटीकडे जाऊन त्याने तळवा टेकवला. दुपारच्या उन्हाने ते अंग तापलं होतं. त्याने हात काढून घेतला.

"पत्रा हाय," तो स्वतःच म्हणाला. मग त्या तरुणाला विचारलं, "ह्यो कवा मारला?"

"मला नाही सांगता येणार, काका. मी जेटवर काम करतो. आमच्या ताब्यात आलं तेव्हा असंच होतं."

"उंदरांनी खाल्लं रं कापड!" दिनानाथ म्हणाला, आणि हसत हसत सगळे उसाच्या रसाच्या गाड्याकडे गेले.

रंभाला वाटलं, आता हा सरळ घराची वाट धरील. पण काळूराम तिथेच खाली बसला. शेपटीच्या पोटाशी आत हात घालायला तळहाताएवढी खिडकी होती. तिचं झाकण कधीतरी पडून गेलं होतं. त्याने ती शोधली नाही. डोळे तिकडे नेण्याआधीच त्याचा हात तिथे पोचला होता.

"रंभे, हात दे."

ती दोराखालून आत आली. त्याने तिचं मनगट धरून हात त्या भोकातून आत घातला. "काय लागतंय?"

"लाकूड." ती थबकली. "आनकी एक. पट्ट्या हायेत. फासळ्यांसारख्या."

"पट्टीच्या कडेनं बोट फिरव."

तिने फिरवलं. बारीक भोकं होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर.

"चुकांची, बारक्या खिळ्यांची हायेत ती. तिथं कापड धरायचं, मग रोगण."

रंभा आत चाचपत राहिली. एखादी चिंधी, एखादा धागा तरी. धूळ लागली, कोळिष्टक लागलं. "कापड नाय," ती हळूच म्हणाली.

"नसंल. बरसातीत कुजलं असंल, म्हणून पत्रा मारला." तो तिच्याकडे बघत नव्हता. "लाकूड लागलं ना तुला?"

"लागलं. दिनानाथला बोलवू?"

"नको. त्याचा हात मावायचा नाय."



दुसऱ्या दिवशी सकाळी काळूराम रंभाची मासळीची टोपली घेऊन तिच्याबरोबर बाजारात आला. शेजारच्या पाटावर गुणाबाई कोलंबीचे वाटे लावत होती. तिने लगेच विचारलं, "काय गं रंभे, बघितलंस का इमान? दिनानाथ सांगत व्हता, पत्राच हाय सगला."

"दिनानाथनं भायेरनं बघितलं. मी आत हात घातला."

"मग?"

"कापडच हाय."

टोपली उतरवत असलेला काळूराम सरळ झाला. "रंभे, कापड कुठं—"

"तुमी गप रावा. हात माजा व्हता."

गुणाबाईने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मग पावसात कसं वो भाऊ? भिजून फाटत नाय?"

रंभाने खाली पाहिलं. तो आता नेहमीसारखा पाठ फिरवून जाईल, असं तिला वाटलं. काळूरामने हात धोतराला पुसले. मग तो टोपलीशेजारी उकिडवा बसला.

"भिजतं ना," तो म्हणाला. "ब्रह्मदेशातला पाऊस म्हंजे काय पाऊस! कापड सैल पडतं, शिडासारखं. मंग आमी काय करायचो..." त्याने दोन्ही हात पुढे धरून हवेत काहीतरी ताणलं. जिताडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पिशवी धरून तिथेच उभं राहिलं. गुणाबाईची कोलंबी हातातच राहिली.

रंभाने मासा पाटावर घेतला होता, कोयता उचलला होता. कापायला सुरुवात केली असती तर त्या खटखटीत त्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं. तिने कोयता तसाच वर धरून ठेवला.