मेंढराचा कान

धर्मापुरीत साखराबाईच्या तोंडी लागायला भलेभले कचरत, आणि याचा तिला अभिमानच होता. नवऱ्यामागं सगळा कळप तिनं त्या तोंडाच्या जोरावर राखला होता. धाकटा अभिमन्यू आखातात मेंढ्या राखायला निघाला तेव्हा तिनं एकच बजावलं: मेंढरू मेलं की त्याचा कान कापून ठेवायचा आणि मालकाला दाखवायचा. धनगर दुसरा पुरावा देत नसतो.

पोरानं आईचं ऐकलं. वाळवंटात रोगानं मेंढ्या पटापट मेल्या. मालक शहरातून येईपर्यंत अभिमन्यूनं कान वाळवून पिशवीत जपून ठेवले. मालकाला ही रीत कुठून ठाऊक असणार? कान बघून, पोरानं मेंढ्या कापून विकल्या असं समजून त्यानं फिर्याद दिली, आणि अभिमन्यू तुरुंगात गेला.

अभिमन्यूच्या बायकोनं, सुकन्यानं, परराष्ट्र खात्याकडं अर्ज केला. पुष्कळ वाट बघितल्यावर तिथल्या आपल्या वकिलातीतून रविराज साहेबांचा फोन आला. साखराबाईनं आधी त्यांनाच फैलावर घेतलं.

"येवढं मोठं सरकार तुमचं, आन् येक पोरगं सुटंना? दरडावा की त्या म्हाताऱ्या मालकाला."

"मावशी, इथं कायदा त्यांचा. आमच्याजवळ फक्त बोलणं आहे."

आणि साहेब बोलत राहिले. मालकाकडं जायचे, कॉफी प्यायचे, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, खटल्याचं नावही काढायचे नाहीत. शेवटी म्हाताराच म्हणाला, घरच्यांचं ऐकतो, पटलं तर फिर्याद मागं घेतो. सुकन्या बोलली तरी चालेल, असं साहेबांनी सुचवलं. घरात मी जिती असताना सून कशाला बोलंल, म्हणून साखराबाईनं ते उडवून लावलं. साहेबांनी समजावलं, कानाची रीत सांगा, तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं म्हणा, आणि तिथंच थांबा.

फोनवर म्हातारा दिसला, मागं त्याचे भाऊबंद बसलेले. पांढरी दाढी, थकलेले डोळे. साखराबाईनं रीत नीट सांगितली. साहेब त्याच्या भाषेत सांगत गेले तसा तो मान हलवू लागला. नुकसानीचंही ती बोलली. मग त्यानं विचारलं, वाईट वाटतंय म्हणजे पोरानं चोरी केली हे आईला कबूल आहे का?

साखराबाईचा तोल गेला. "चोर? आमच्या सात पिढ्यांत कुनी दुसऱ्याच्या मेंढराला हात लावला न्हाई. तुझ्याच कळपाला कीड लागंल, मुडद्या."

साहेब सावरून काहीतरी लांबलचक सांगायला लागले. पण म्हाताऱ्यानं तिचं रोखलेलं बोट बघितलं होतं. तो उठून गेला.

साहेब रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मावशी, शब्द मी बदलले. आवाज कसा बदलू?"

परत लावा, मी पाया पडते, असं ती म्हणाली. पण आता भाऊबंदांसमोर नाही म्हणून बसलेला माणूस मागं फिरणार नव्हता. साहेब वकील देणार होते, तुरुंगात जाऊन पोराला भेटणार होते. तारीख कधी लागेल ते त्यांनाही सांगता येईना.

पुढच्या आठवड्यात तुरुंगातून अभिमन्यूचा फोन आला. आई मालकाशी बोलली का, असं त्यानं विचारलं. साखराबाई भिंतीला टेकून ऐकत होती.

"बोलल्या की," सुकन्या म्हणाली. "लई चांगलं बोलल्या. म्हाताराच ऐकंना."

फोन घ्यायला साखराबाईनं हात पुढं केला. मग तो पदराखाली ओढून घेतला.