रोखीचे शेषेराव

औशाच्या बाजारात शेषेरावांना सगळे ओळखत, पण त्यांच्या तोंडून 'लिहून ठेवा' हे दोन शब्द कुणी ऐकले नव्हते. सगळा गाव बी-खत पेरणीला न्यायचा आणि सुगीला पैसे द्यायचा. शेषेराव मात्र आधी नोटा काढणार, मग पोत्याला हात लावणार. देणं डोक्यावर असलं की त्यांना घास उतरायचा नाही. बायको शिवगंगा म्हणायची, ह्यांनी लग्नात भटजीलासुद्धा मंगलाष्टकांच्या आधीच दक्षिणा दिली असंल.

या रोखीच्या ताठ्याला पहिला दणका बसला तो थोरल्या वैजनाथाच्या ट्रॅक्टरच्या वेळी. लातूरच्या एका फायनान्स कंपनीनं सांगितलं, बापलेकांचं सिबिलच नाही, म्हणजे आधी कर्ज घेऊन फेडल्याची नोंदच नाही, कर्ज देता येत नाही. शेषेराव भडकलेच. ज्यानं चार जणांचं बुडवलं त्याला निदान नंबर तरी आहे, आणि ज्यानं कधी घेतलंच नाही तो कोराच! हा कुठला न्याय? आठ दिवस ते भेटेल त्याला हेच विचारत होते. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, जाऊ द्या, पोराचं झालं ते झालं, पण उज्वलाचं असं होऊ द्यायचं न्हाई.

उज्वला धाकटी. तिला औषधाचं दुकान टाकायचं होतं आणि त्यासाठी ती लातूरला डी.फार्म.ला जाणार होती. तिला अठरा वर्षं पूर्ण झाली तशी शेषेरावांनी तिला मोटारसायकलवर बसवलं आणि बँकेत कर्जाचं काम बघणाऱ्या रेणुका मॅडमसमोर नेऊन उभं केलं. मॅडम मोठ्या समजूतदार बाई. त्यांनी पोरीच्या नावानं ठेव ठेवायला लावली, त्या ठेवीवर लॅपटॉपसाठी छोटं कर्ज दिलं आणि दीड वर्षाचे हप्ते बांधून दिले. दर महिन्याला तारखेला हप्ता भरायचा, बस. दुकानाचं मोठं कर्ज मागायच्या वेळेला पोरीचं नाव झालेलं असेल.

सोपं काम होतं हो. पण शेषेरावांना झोप कुठली? लेकीच्या डोक्यावर कर्ज, आणि आपण निवांत ज्वारीची भाकर खातोय! तीन महिने त्यांनी कसेबसे काढले. चौथ्या महिन्यात सोयाबीन विकलं, तसे ते अडतीवरून थेट बँकेत गेले, काउंटरवर सगळी रक्कम भरली आणि पावती खिशात घालून मोकळे झाले. ठेव तेवढी तशीच राहू द्या म्हणाले. घरी कुणाला काही बोलले नाहीत. पोरगी पास झाली की पावती पुढं करायची आणि तिला चकित करायचं, असा त्यांचा बेत.

पोरगी चकित झाली, पण बँकेत. दुकानाच्या कर्जाचा अर्ज घेऊन दोघं गेले तेव्हा रेणुका मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि डोक्याला हात लावला. त्या मधल्या काळात बदलीवर होत्या, नाहीतर तेव्हाच ओरडल्या असत्या. "काका, भाकर तव्यावर टाकली अन् लगेच काढली. भाजायची कशी?" चार महिन्यांच्या हप्त्यांवर आठ लाखांचा अर्ज वर पाठवता येत नव्हता. त्याच ठेवीवर पुन्हा छोटं कर्ज घ्या, निदान सहा महिने तारखेला भरा, मग बघू, असं त्या म्हणाल्या.

सहा महिने! दुकानासाठी हेरलेला दवाखान्याच्या रस्त्यावरचा गाळा तोवर थांबणार होता थोडाच? औशात औषधाच्या दुकानाला तशी दुसरी जागा नव्हती, आणि लातूरची एक पार्टी तिथं मोबाईलचं दुकान टाकायला टपून बसली होती. शेषेराव म्हणाले, रानाचा तुकडा विकतो. उज्वला म्हणाली, "अण्णा, तुम्ही काहीच करू नका. तुम्ही केलं म्हणूनच हे झालंय." एवढंच बोलली आणि पंधरा दिवस बापाशी बोललीच नाही. शेषेरावांना ते कर्जापेक्षा जड गेलं.

शेवटी गाळा राखून ठेवायला सहा महिन्यांचं भाडं रोख घेऊन ते गाळ्याच्या मालकाकडं, मलप्पाशेटकडं निघाले. सहीला लागेल म्हणून उज्वलाही आली, पण तोंड फुगवूनच. मलप्पाशेट म्हणजे बी-खताचे दुकानदार. पंचवीस वर्षं शेषेराव त्यांच्याच दुकानातून पोती नेत होते, त्यामुळं ते नाही म्हणतील असं स्वप्नातही नव्हतं.

मलप्पाशेटनी पैशाकडं पाहिलंसुद्धा नाही. मला दहा वर्षं टिकणारा भाडेकरू पाहिजे, म्हणाले.

"शेट, मला इतकी वर्षं ओळखता न्हवं?"

"न्हाई की," मलप्पाशेट म्हणाले. "ज्यांना उधार देतो, त्यांना ओळखतो. कोण दसऱ्याला देतो, कोण दिवाळी चुकवून संक्रांतीला देतो पण देतोच, हे मला पाठ हाय. तुम्ही नोटा ठेवता अन् जाता. तुमच्यावर इसवास टाकायचा चान्सच कधी दिला न्हाई."

शेषेराव जवळच्या पोत्यावर बसले. बँकेची मशीन एक वेळ परवडली. पण हा तर आपलाच माणूस, रोज रामराम घालणारा. आणि लई वाईट म्हणजे, त्याचं काही चुकत नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, मग काय करू?

तुमच्या लेकीचं काय ते बँकेला बघू द्या, मलप्पाशेट म्हणाले. तुम्ही माझ्याकडं दर पाच तारखेला या, बसा, चहा घ्या आणि त्या महिन्याचं भाडं द्या. सहा महिने असे आलात तर मी समजून जाईन. लातूरच्या पार्टीला आजच नाही कळवतो.

शेषेरावांनी खिशात हात घातला. उज्वलानं डोळे मिटून घेतले. बाप आता सगळं बंडल गादीवर ठेवणार आणि होत आलेलं काम पुन्हा नासणार, याची तिला खात्री होती. शेषेरावांची बोटं बंडलावरून खरंच फिरली. मग त्यांनी एका महिन्याच्या नोटा वेगळ्या काढून पुढं सरकवल्या आणि उरलेलं बंडल खिशात कोंबून त्यावर हात दाबून धरला.

"शेट," ते म्हणाले, "बाकी... बाकी लिहून ठेवा."

मलप्पाशेटनी चहा सांगितला. उज्वला पंधरा दिवसांत पहिल्यांदाच हसली आणि बापाच्या शेजारी पोत्यावर येऊन बसली.