ऋतुजाचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. अस्सल सागवानी, त्यामुळे अंगात थोडा ताठा आहे, तेवढा सांभाळून घ्या. मांजरी गावच्या कचरू सुताराने मला आनंदीबाईंच्या लग्नासाठी घडवलं. माझ्यावर नवरदेव बसला, पुढे वर्षानुवर्षं गणपती बसला. मग घरात डायनिंग टेबल आलं आणि मी गेलो माळ्यावर. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

यंदा आनंदीबाईंची सून ऋतुजा बाळंत झाली आणि मला खाली काढलं. बाळाला न्हाऊ घालायला पाट हवाच ना! आनंदीबाई माझ्यावर बसून पाय लांब करत आणि बाळाला पायांवर घेत. एवढीशी पावलं, पण लाथा काय मारायचं! मी बघतच राहायचो.

एके सकाळी स्टीलच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला होता. बाळाला पाणी कढत तर होणार नाही ना, म्हणून ऋतुजाने बोट बुडवलं. बटण चालूच! ती अशी फेकली गेली, की माझ्यावरच येऊन आदळली. आनंदीबाईंनी धावत बटण बंद केलं, सुनेला साखरपाणी पाजलं.

"थोडक्यात निभावलं गं बाई!" त्या म्हणाल्या. ऋतुजाही हसली. विषय संपला.

संपला कुठला! तिच्या उजव्या हाताला मुंग्या येतच राहिल्या. मधूनच छातीत धडधडायचं. ती कुणाला बोलली नाही, पण तिने बाळाला उचलणं सोडलं. पाजायच्या वेळी मला ओढून माझ्यावर बसायची, पाय जमिनीवरून वर घ्यायची, उजवा हात पाठीमागे ठेवायची. बाळ सासूबाईंनी मांडीवर द्यायचं. शेवटी आनंदीबाई कावल्या.

"लेकराला हात लावंना झालीस. कसला राग हाय एवढा?"

ऋतुजाला रडूच कोसळलं. "राग नाही हो, आई. करंट अजून माझ्या हातात आहे. जाणवतो मला. बाळाला लागला तर? लाकडातून जात नाही म्हणून पाटावर बसते."

आनंदीबाईंनी पदर खोचला. "येडी गं माझी बाय! चल, आधी दवाखाना."

तिथलं सगळं मी नंतर आनंदीबाईंच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. तो चांगला निघाला, देवाची कृपा! करंट अंगात राहत नसतो, नस दुखावली आहे, मुंग्या हळूहळू जातील, असं ते म्हणाले. पण त्याच दिवशी दाखवायला हवं होतं, म्हणून रागावलेही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. माणसाचं काळीज स्वतःच्याच बारीकशा विजेवर चालतं म्हणे! ऐकून मी थक्क झालो. नवरदेवापासून या बाळापर्यंत सगळे वीज घेऊन माझ्यावर बसले, आणि मला पत्ताच नाही!

घरी येताच ऋतुजा माझ्यावर टेकली. पाय खाली, जमिनीवर. तिने उजवा हात भीतभीतच पुढे केला. बाळाने बोट पकडलं ते सोडेचना.

मित्रांनो, बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. झटका बसला तर डॉक्टरांना दाखवा. मला वाळवी लागू देऊ नका, या बाळाच्या बाळालाही न्हायचं आहे. आणि भीती पोटात ठेवू नका. ऋतुजाने ठेवली, आणि तितके दिवस बाळाला आईचा हात मिळाला नाही.